दार खालून कुजतं

आमच्या मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला, रंगाला एक फोड आला होता. नाण्याएवढा, दिसायला किरकोळ. मी अंगठ्यानं तो दाबला आणि अंगठा नखापर्यंत आत गेला. रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता, मागचं लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. मऊ भाग खरवडला, भोकात लांबी (पुट्टी) दाबून भरली, घासून सपाट केली आणि वर दोन हात रंग मारला. दार नव्यासारखं दिसायला लागलं. दुसरा पावसाळा संपायच्या आत लांबीचा तो गोळा अख्खाच्या अख्खा हातात आला, आणि मागचं भोक आधीच्या दुप्पट झालेलं होतं.

त्या खेपेला मी ओळखीच्या एका वयस्कर सुतारकाकांना बोलावलं. आम्ही दोघांनी दार उतरवून सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. त्यांनी कुजलेल्या कोपऱ्याकडे पाहिलंही नाही. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि म्हणाले, "ताई, इथं रंग कधी लावलाय?" कधीच नाही. दाराच्या दोन्ही अंगांना दर काही वर्षांनी रंग लागत आला होता आणि जिथून पाणी आत शिरत होतं ती कड कोरीच राहिली होती. पुढे जे लिहिते आहे ते त्या कोऱ्या कडेवरून शिकलेलं आहे.

आधी पाण्याची वाट शोधा

लाकूड पाण्यानं कुजत नाही, बुरशीनं कुजतं. पाणी त्या बुरशीला जगवतं. कुजलेल्या लाकडावर दिसणारी बुरशी हा कुजण्याचा परिणाम आहे असं पूर्वी समजलं जायचं. ती परिणाम नसून कारण आहे हे जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७० च्या दशकात दाखवून दिलं. दुरुस्ती करणाऱ्याला यातून एकच गोष्ट घ्यायची असते. बुरशीला खायला लाकूड लागतं, हवा लागते, थोडी ऊब लागते आणि ओल लागते. पहिल्या तीन गोष्टी दारापासून दूर करता येत नाहीत, ओल करता येते.

किती ओल चालते याचा ढोबळ आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाकडातल्या पाण्याचं वजन त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या आसपास लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्यानं पूर्ण भिजलेल्या असतात आणि तिथून पुढे बुरशीला रान मोकळं मिळतं. पावसात भिजून चार दिवसांत वाळणारं दार वर्षानुवर्षं टिकतं. भिजलेलं आणि न वाळणारं दार कुजतं.

आता कोपराच का? लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. फळीच्या अंगावर पाणी पडलं तर ते हळूहळू मुरतं, पण त्या नळ्यांची उघडी तोंडं जिथं असतात तिथून ते कित्येक पट वेगानं वर ओढलं जातं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांची तोंडं खाली, अगदी उंबऱ्याच्या वर उघडी असतात. जमिनीवरून उडणारे शिंतोडे, दाराच्या अंगावरून ओघळून खालच्या कडेला लोंबणारे थेंब, उंबऱ्यावर साचलेलं पाणी, हे सगळं त्या तोंडांशी येऊन थांबतं. त्यातून आडवी पट्टी आणि उभी पट्टी जिथं कूस-खाचेनं (एका पट्टीचं कोरलेलं टोक, म्हणजे कूस, दुसरीच्या खाचेत बसवून) जोडलेली असते तो सांधा किंचित उघडला की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एक जोरदार सर येऊन गेल्यावर, नाहीतर बादलीनं पाणी ओतून, दारासमोर दहा मिनिटं बसा. पाणी कुठून ओघळतं, कुठं थांबतं, कुठं उलटं आत वळतं ते बघा. आमच्याकडे दोन गोष्टी दिसल्या. उंबऱ्याचा उतार बाहेर नव्हता, आत होता. आणि दारासमोरचं जाड पायपुसणं दाराला चिकटून कायम ओलं असायचं. पायपुसणं त्याच दिवशी हातभर पुढे सरकवलं.

किती कुजलंय ते टोचून पाहा

रंगावरून अंदाज बांधू नका. टोच्या किंवा जुना पातळ स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि फोडापासून सुरुवात करून दोन-दोन बोटांच्या अंतरानं टोचत जा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटरवर अडतं. कुजलेल्यात ते बिनबोभाट आत जातं. मधेच शंका आली तर मला सर्वांत भरवशाची वाटते ती ढलपीची परीक्षा. टोच्याचं टोक लाकडात तिरकं घुसवून वर उचका. निरोगी लाकडाची लांबच लांब, चिवट ढलपी निघते आणि चर्र आवाज येतो. कुजायला लागलेलं लाकूड टोकापाशीच आखूड मोडतं, आवाज न करता. बाहेरून घट्ट वाटणारं लाकूडही या परीक्षेत पकडलं जातं. जिथं ढलपी लांब निघायला लागते तिथं पेन्सिलीनं रेघ मारा.

कुजण्याची तऱ्हाही पाहून घ्या. लाकूड तपकिरी होऊन त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या असतील, चौकोनी तुकडे सुटत असतील, बोटांत चुरल्यावर भुगा होत असेल, तर बुरशीनं त्यातलं सेल्युलोज, म्हणजे लाकडाचे तंतू ज्याचे बनतात तो पदार्थ, खाल्लेलं आहे. फिकट, तंतूतंतू सुटणारं लाकूड असेल तर तंतूंना एकत्र धरून ठेवणारं लिग्निनही गेलेलं आहे. दोन्हींवर इलाज एकच. मात्र लाकडातून मातीच्या बारीक नळ्या निघाल्या, किंवा वरचा थर शाबूत आणि आत रेषेरेषेनं पोकळ गल्ल्या असल्या, तर ती वाळवी आहे आणि तिचा बंदोबस्त आधी करायला हवा. आणि चौकटीपासून निघून भिंतीच्या सांध्यांतून पसरत गेलेले करड्या धाग्यांचे जाड दोर दिसले, कापसासारखी चादर किंवा विटकरी रंगाची धूळ दिसली, तर एकट्यानं काही करू नका, जाणकाराला बोलवा. त्या जातीची बुरशी दूरवरून पाणी वाहून आणते आणि भिंतीतही पसरलेली असते.

दुरुस्त करायचं की बदलायचं? माझा हिशेब असा. कूज मुठीएवढ्या जागेत असेल तर इपॉक्सी (दोन घटक कालवल्यावर कडक होणारी राळ) भरावी. त्याहून मोठी, पण एका पट्टीपुरती असेल तर लाकडाचा तुकडा बसवावा. खालची आडवी पट्टी निम्म्याहून जास्त जाडीची गेली असेल तर ती पट्टीच नवी करावी. कुसा गेल्या असतील, दार हलवल्यावर तिरकं होत असेल, तर नवं दार करावं. आणि दार प्लायवुडचं फ्लश असेल, त्याचे थर खालून सुटून फुगले असतील, तर ही सगळी मेहनत त्यावर वाया जाते, ते बदलायचंच असतं.

उतरवणं, कापणं, वाळवणं

भरीव लाकडाचं दार सहज ३० ते ४० किलोचं असतं. ते एकट्यानं उतरवू नका. आधी खाली दोन पाचरी ठोकून वजन त्यांवर घ्या, मग खालच्या बिजागरीचे स्क्रू काढा आणि वरची बिजागरी शेवटी सोडा. लावताना उलट, वरची आधी. दाराच्या जागी प्लायवुडचा तक्ता स्क्रूनं बसवायची तयारी आधीच करून ठेवा, कारण हे काम एका सुट्टीत संपत नाही. आमचं दार एकूण चोवीस दिवस बाहेर होतं.

रंग काढताना एक खबरदारी. घर जुनं असेल तर खालच्या थरांतल्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ओल्या पॉलिश पेपरनं घासा, तोंडाला धुळीसाठीचा चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि निघालेला रंग कागदात गोळा करा.

मग पटाशी. पेन्सिलीच्या रेघेपर्यंत सगळं काढायचं आणि रेघेच्या पलीकडे, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, आणखी दोन बोटं. जीव खालीवर होतो, कारण ते लाकूड दिसायला चांगलं असतं. पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसणाऱ्या कुजेच्या पुढे पोचलेले असतात. माझी पहिली दुरुस्ती फसली ती इथंच. मी मऊ तेवढं काढलं आणि जिवंत बुरशीवर लांबीचं झाकण बसवलं.

कापून झाल्यावर उरल्यासुरल्या बुरशीसाठी उघड्या लाकडाला बोरॅक्सचं पाणी द्यावं असं माझं मत आहे. बोरॅक्स ३ भाग, बोरिक ॲसिड २ भाग, वजनानं. असं १०० ग्रॅम मिश्रण एक लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि ब्रशनं दोन-तीन हात द्यायचे, आधीचा मुरला की पुढचा. त्यातलं बोरॉन लाकडातल्या ओलीबरोबर आत सरकतं, म्हणून लाकूड खडखडीत वाळण्याआधी हे करणं फायद्याचं. हातमोजे घाला, उरलेलं पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नका, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागू देऊ नका. हे औषध पावसानं धुऊन जातं. रंगाच्या झाकणाखालीच ते टिकतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर रंगात कसूर करू नका.

यानंतर वाळवणं, ज्याला सगळ्यांत जास्त धीर लागतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दोन्ही अंगांना हवा लागेल असं दार ठेवा. तापत्या उन्हात किंवा गरम हवेच्या मशीननं घाई केली तर वरचा थर आकसून चिरतो आणि आतली ओल तशीच राहते. ओल मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम, १५ टक्क्यांच्या आसपास काटा आला की पुढचं काम करा. यंत्र नसेल तर उघड्या लाकडावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. आमच्या दाराला एकोणीस दिवस लागले. चौदाव्या दिवशी मला वाटलं होतं की झालं असेल, आणि प्लास्टिकखाली थेंब दिसले.

भरणं: इपॉक्सी की लाकूड

आमच्या दाराला दोन्ही लागलं. उभ्या पट्टीचा खालचा १४ सेंटिमीटर भाग पूर्ण गेला होता, तिथं लाकूड. आडव्या पट्टीत बाहेरच्या अंगाला दोन खळगे होते, तिथं इपॉक्सी.

इपॉक्सीचे दोन प्रकार घ्यावे लागतात. एक पाण्यासारखी पातळ, जी लाकडात मुरून त्याला घट्ट करते, आणि दुसरी कणकेसारखी, जी भरायची. खळग्याच्या तळाला तीन-चार मिलिमीटरची भोकं तिरकी पाडा, आरपार नाहीत, आणि पातळ इपॉक्सी ब्रशनं नाहीतर सिरिंजनं पाजत राहा, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. ती चिकट असतानाच वरून घट्ट इपॉक्सी दाबून भरा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. दोन घटकांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेवढंच, अंदाजानं नाही. एका वेळी थोडंच कालवा. पेल्यात जास्त मिश्रण राहिलं की ते स्वतःच्या उष्णतेनंच तापतं आणि हातातल्या हातात दगड होतं. खोल खळगा दोन-तीन थरांत भरा. कडेपेक्षा किंचित वर भरून ठेवा आणि ते चामड्याइतकं घट्ट झालं की कानशीनं आकार द्या. पूर्ण कडक झाल्यावर तेच काम तिप्पट वेळ घेतं. वाळलेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं आणि फडक्यानं पुसल्याशिवाय रंग धरत नाही. उन्हात इपॉक्सी खराब होते, त्यामुळे तिच्यावर रंग हवाच.

गाडीच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी बरेच जण सुचवतात. लवकर वाळते, घासायला सोपी. पण लाकूड ओलीनं फुगतं आणि कोरड्यात आकसतं, ती पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही. कडेला केसासारखी फट पडते आणि तिथून पुन्हा पाणी. बाहेरच्या दाराला मी ती वापरणार नाही.

लाकडाचा तुकडा बसवताना जोडाचा उतार महत्त्वाचा आहे, आणि हे सुतारकाकांनी मला कागदावर रेघ मारून दाखवलं. उभ्या पट्टीचा कुजलेला पाय काटकोनात कापू नका, तिरका कापा, असा की जोडाची रेघ घराच्या आतल्या अंगाला उंच आणि बाहेरच्या अंगाला खाली येईल. मग ओघळणारं पाणी जोडावरून घसरून जातं, आत शिरायला त्याला चढावं लागतं. उलटा उतार दिलात तर तो जोड म्हणजे पाण्याची पन्हळच. तुकडा शक्यतो त्याच जातीच्या, चांगल्या वाळलेल्या लाकडाचा घ्या. साग असेल तर आतल्या गडद भागाचा. फिकट बाहेरचा भाग कुठल्याही झाडाचा असो, तो लवकर कुजतो, सागाचासुद्धा. रेषांची दिशा जुन्या लाकडासारखीच ठेवा. तुकडा लागतो त्याहून दोन मिलिमीटर जास्त जाड कापा, नंतर रंध्यानं पातळीत आणता येतो.

चिकटवण्याआधी कोरडं बसवून पाहा. बोरॅक्सचे पांढरे कण राहिले असतील तर पुसून घ्या. मग कापलेल्या दोन्ही तोंडांना पातळ इपॉक्सीचा एक हात द्या, ती मुरली की घट्ट इपॉक्सी लावून तुकडा शिकंज्यात धरा. नुसती घट्ट लावली तर त्या नळ्या तिच्यातलं पातळ पिऊन टाकतात आणि जोड उपाशी राहतो. घरातला पांढरा लाकडी गोंद इथं चालत नाही, तो ओलीनं सुटतो. स्क्रू द्यायचेच तर स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे.

रंग: सहा बाजू

दाराला दोन बाजू नसतात, सहा असतात. पुढची, मागची, बिजागरीची, कुलपाची, वरची, खालची. मी आता खालच्या कडेपासून सुरुवात करते. पातळ केलेला प्रायमर, लाकूड पीत राहील तितक्या वेळा, आणि त्यावर रंगाचे तीन हात. वरच्या कडेलाही तेच. कुलपासाठी, साखळीसाठी, पत्रपेटीसाठी पाडलेल्या भोकांच्या आतून ब्रश फिरवा. बिजागरीचे स्क्रू परत बसवताना भोकात थोडी इपॉक्सी किंवा रंग सोडा.

सगळ्या तीक्ष्ण कडा पॉलिश पेपरनं तीन मिलिमीटर गोल करा. धारदार कडेवरून रंग दोन्हीकडे ओढला जातो आणि नेमका तिथं पातळ राहतो, म्हणून रंग नेहमी कडेवर आधी फुटतो. उघडं लाकूड उन्हात दोन-तीन आठवडे पडू देऊ नका, त्याचा वरचा थर दुबळा होतो आणि रंगाची पकड कमी होते. घासून झालं की दोन दिवसांत प्रायमर.

लाकडाचा पोत दिसावा म्हणून वॉर्निश हवं असेल तर ती हौस समजू शकते, आमचं पुढचं दार तसंच आहे. पण पारदर्शक थरातून ऊन थेट लाकडापर्यंत पोचतं आणि वॉर्निश खालून सुटायला लागतं. उन्हा-पावसातल्या दाराला दर एक-दोन वर्षांनी नवा हात द्यायची तयारी ठेवा. रंगातली भुकटी ऊन अडवते, त्यामुळे रंग जास्त काळ टिकतो.

पाणी परत येऊ नये म्हणून

दार आणि उंबरा यांत आठेक मिलिमीटरची फट राहू द्या. दाराच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या आडव्या पट्टीवर, पाणी पुढे टाकणारी उतरती लाकडी पट्टी बसवा आणि त्या पट्टीच्या पोटाला, पुढच्या कडेपासून थोडं आत, सहा मिलिमीटर रुंदीची खाच पाडून घ्या. पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून उलटं दाराकडे सरकतं. खाचेशी आलं की त्याला पुढे जाता येत नाही आणि ते तिथंच खाली पडतं. एवढ्याशा खाचेनं आमच्या दाराच्या पायाशी कोरडं राहायला लागलं. उंबऱ्याचा उतार मी गवंड्याकडून बाहेर करून घेतला. वर छज्जा आखूड असेल तर तो वाढवता येतो का पाहा, कारण दारावर पाऊस येणारच नाही यासारखा दुसरा रंग नाही.

चौकटीचे पाय विसरू नका. बऱ्याच ठिकाणी ते फरशीत किंवा सिमेंटमध्ये पुरलेले असतात आणि सिमेंट त्यांना सतत ओल पाजतं. आमच्या डाव्या पायाला टोच्या एक इंच आत गेला. तोही तिरका कापून नवा तुकडा जोडला, खालच्या तोंडाला तीन हात इपॉक्सी दिली आणि फरशीपासून पाच मिलिमीटर वर ठेवला. ती फट सिलिकोननं बुजवायचा मोह होतो. बुजवू नका, तिथूनच तो वाळतो.

आणि दार न उतरवता खालची कड पाहायची असेल तर जमिनीवर, उघड्या दाराखाली, छोटा आरसा सरकवा आणि टॉर्च मारा. रंग लावायचा असेल तर लाकडी पट्टीला जुन्या गालिच्याचा तुकडा बांधा, रंगात बुडवा आणि त्या फटीतून घासत न्या. आरशात बघत बघत दहा मिनिटांत होतं. मी हे वर्षातून दोनदा करते, पावसाच्या आधी आणि पावसानंतर. टोच्यानं कोपरे तपासते, सांध्यांत केसाएवढी फट दिसली तर त्याच दिवशी भरते, आणि दाराच्या वरच्या कडेवर, जिथं कुणी पाहत नाही, पेन्सिलीनं तारीख लिहिते. आत्तापर्यंत नऊ तारखा झाल्यात आणि डाव्या कोपऱ्यातून अजून लांब ढलपीच निघते.